फौजदारी कोर्टातली व्हीसी: स्क्रीनवर काय चालतं आणि काय चालत नाही

समजा, रत्नागिरीच्या विशेष कारागृहात एक कच्चा कैदी आहे, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा. त्याची तारीख खेडच्या कोर्टात आहे. त्याला तिथे न्यायचं तर पोलिसांची तुकडी हवी, गाडी हवी आणि एका बाजूने शंभराहून जास्त किलोमीटरचा प्रवास. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की तो दिवस गेलाच. गणपतीत सगळे पोलीस बंदोबस्ताला, म्हणजे पुन्हा तेच. एवढं करून कोर्टात पोचल्यावर अनेकदा मिळते काय, तर पुढची तारीख.

हाच प्रवास वाचवायला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आलं. कोर्टात सगळे त्याला 'व्हीसी' म्हणतात. तुरुंगात कॅमेरा आणि स्क्रीन असलेली खोली, कोर्टात दुसरी स्क्रीन, आणि दोन्हीकडे एकेक समन्वयक. तांत्रिकदृष्ट्या यात विशेष काही नाही, तुमच्या ऑफिसच्या मीटिंगसारखंच. अवघड प्रश्न कायद्याचा होता: स्क्रीनवर दिसणं म्हणजे 'हजर असणं' का?

त्याचं उत्तर मुंबईतल्या एका खटल्यातून आलं. १९८७ मधल्या एका शस्त्रक्रियेवरून मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात डॉक्टरांवर खटला चालू होता. महत्त्वाचा साक्षीदार न्यूयॉर्कचा डॉक्टर, आणि तो भारतात यायला तयार नव्हता. मॅजिस्ट्रेटने व्हीसीने साक्ष घ्यायला परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि १ एप्रिल २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या निकालात ती परत दिली. साक्ष आरोपीच्या 'उपस्थितीत' घ्यायची असा नियम आहे, पण ती उपस्थिती शारीरिकच हवी असं नाही, असं कोर्टाने म्हटलं. आरोपीला आणि त्याच्या वकिलाला साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, उलटतपासणी घेता येते, मग अडचण काय? तेव्हा आपल्याकडे साधे कॅमेरावाले मोबाईलही दुर्मीळ होते, हे लक्षात घ्या. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीने २६/११ च्या कटाबद्दल अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयासमोर साक्ष दिली, तीही व्हीसीवरच.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ५३० नुसार खटला, चौकशी, साक्ष, समन्स हे सगळं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करता येतं. 'करता येतं' असं आहे, 'केलंच पाहिजे' असं नाही.

एक गोष्ट मात्र स्क्रीनवर चालत नाही

पोलीस कोठडी. अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, आणि आरोपी पोलिसांच्या ताब्यात आहे तोवर दर वेळी प्रत्यक्षच उभं करायचं. व्हीसी चालते ती न्यायालयीन कोठडी वाढवताना, म्हणजे माणूस तुरुंगात गेल्यावर. मला हा संपूर्ण व्यवस्थेतला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. कॅमेरा चेहरा दाखवतो, पण पाठीवरचे वळ दाखवत नाही, आणि कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे तेही दाखवत नाही. म्हणूनच व्हीसीच्या नियमांत आरोपीला आपल्या वकिलाशी खाजगीत बोलायची संधी द्यायला सांगितलंय. स्क्रीनवर सही झाल्यासारखं दोन मिनिटांत उरकलं, तर वेळ वाचला पण सुनावणी झाली असं म्हणता येणार नाही.

मग खटले झटपट का संपत नाहीत?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते: सिस्टीम हळू चालली की आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला आणि डेटा हार्ड डिस्कवर अडकला असेल, तर फरक शून्य. कोर्टाचं तसंच आहे. आरोपी स्क्रीनवर वेळेत आला, पण साक्षीदाराला समन्सच पोचलं नाही. किंवा पंचनामा करणारे अधिकारी बदली होऊन गेले. किंवा वकिलांनी मुदत मागितली. यातलं एकही असलं की तारीख वाया.

त्यामुळे माझ्या मते नव्या संहितेतल्या कंटाळवाण्या तरतुदी व्हीसीपेक्षा जास्त कामाच्या आहेत. परिस्थिती हाताबाहेरची असली तरी एका पक्षाला दोनपेक्षा जास्त वेळा तहकुबी नाही. सेशन्स खटल्यात युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, कारण नोंदवून फार तर ४५. बदली झालेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या जागी आलेला अधिकारी त्या कागदपत्रांबद्दल साक्ष देऊ शकतो. समन्स बजावणाऱ्या बेलीफसाठी 'एनस्टेप' नावाचं ॲप आहे, त्यात समन्स कुठे पोचलं ते जीपीएससकट नोंदलं जातं.

आणि उपकरणं बसवली म्हणजे ती वापरली जातातच असंही नाही. कच्च्या कैद्यांना ना प्रत्यक्ष आणलं जातं, ना व्हीसीवर, यावरून मुंबई उच्च न्यायालयाला २०२४ मध्ये सरकारला सुनवावं लागलं. ज्याला आणलं नाही त्याच्यासाठी ती 'तारीख' म्हणजे तुरुंगातले आणखी काही आठवडे.

जामिनाचंही तसंच. आदेश झाला, पण कागद तुरुंगात पोचेना. आता सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशानुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांकडे जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. घरचं कोणी अडकलं असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातल्या या प्राधिकरणाकडे जा. गरजूंना तिथे वकीलही मोफत मिळतो.

तुमच्या फोनवर

'ईकोर्ट्स सर्व्हिसेस' ॲपमध्ये खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. महाराष्ट्रातल्या खटल्यांचा क्रमांक 'एमएच'ने सुरू होतो.

कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येऊ शकतं, त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा असते. पण पोलिसांनी चौकशीला बोलावण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अमान्य ठरवलंय. आणि व्हिडिओ कॉलवर 'जज'समोर उभं करून पैसे भरायला सांगणारं कोर्ट अस्तित्वात नाही. 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही. असा कॉल आला तर कट करा आणि १९३० ला फोन लावा.

गावातल्या अपघाताचे साक्षीदार तुम्ही, आणि नोकरी पुण्यात, असं असेल तर समन्स आल्यावर सरकारी वकिलांना भेटा किंवा फोन करा आणि व्हीसीने साक्ष घेण्यासाठी अर्ज करायला सांगा. कोर्टाने मान्य केलं तरी घरच्या सोफ्यावरून साक्ष देता येईल असं धरू नका. कोर्ट सांगेल त्या जागी जायचं, ती जवळच्या न्यायालयाच्या इमारतीतही असू शकते. ओळखपत्र न्या, मोबाईल बंद ठेवा. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करायला मनाई आहे.