हिवाळ्याचा मासा, उन्हाळ्याचा मासा

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक साधा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. त्या ओसाड खडकांवर धान्य जवळजवळ पिकत नाही. मग तिथली माणसे भाकरी कशाची खात होती? पुस्तकांतून उत्तर मिळे ते एकच : मासा विकून धान्य घेत. पण कोणता मासा, कोणत्या ऋतूतला आणि कोणाला विकलेला, हे विचारल्यावर गोष्ट दोन भागांत फुटते.

पहिला भाग हिवाळ्याचा. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालण्यासाठी लोफोतेन बेटांपाशी येतो. बेटे उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, तरीही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथली बंदरे गोठत नाहीत. शेकडो मैलांवरून मासेमार उघड्या होड्या वल्हवत, शिडे लावत येत. बाराव्या शतकाच्या आरंभी राजा अयस्टाइन याने वोगान येथे त्यांच्यासाठी निवारे बांधल्याची नोंद आहे. धोका किती होता, याची आठवण 11 फेब्रुवारी 1849 या तारखेत आहे. त्या एका दिवसाच्या वादळात सुमारे 500 मासेमार बुडाल्याचे सांगितले जाते.

धरलेला मासा साफ करून, डोके काढून, दोन-दोनच्या जोड्या शेपटीशी बांधून लाकडी मांडवांवर टांगत. मीठ अजिबात नाही. आपल्या किनाऱ्यावर बोंबील उन्हाने वाळतो. तिथे काम करते ती थंडी. पारा शून्याच्या आसपास असतो, त्यामुळे मासा सडत नाही आणि वाऱ्याने त्यातले पाणी निघून जाते. जूनपर्यंत तो लाकडासारखा कडक होई आणि वर्षानुवर्षे टिके. 1432 मध्ये जहाज फुटून र्‌योस्त बेटावर पोहोचलेला व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरीनी याने हा मासा पाहिला आणि तिथे तो पैशासारखा चालतो, असे लिहून ठेवले.

हा सुका मासा दक्षिणेला बर्गेनला जाई. तिथे साधारण 1360 पासून 1754 पर्यंत जर्मन हान्सा व्यापाऱ्यांचे ठाणे होते. व्यापारी धान्य, दोर, गळ उधारीवर देत, आणि ज्याचे कर्ज त्यालाच पुढच्या वर्षीचा मासा घालावा लागे. कर्ज फिटत नसे. बापाचे देणे मुलाच्या नावावर चढे. हिवाळ्याचा मासा असा समुद्रातून निघण्याआधीच विकलेला असे.

आता दुसरा भाग. जुलै-ऑगस्टमध्ये मासा भरपूर असतो, पण हवा उबदार होते आणि माश्या बसतात. टांगलेल्या मासळीत अळ्या पडतात. बर्गेनच्या दृष्टीने या मासळीला किंमत नव्हती. नेमक्या याच आठवड्यांत पूर्वेकडून, श्वेत समुद्राच्या काठावरून, रशियन पोमोर दर्यावर्दी येत. त्यांच्या गलबतांत राईचे पीठ असे. ते ताजा मासा घेऊन गलबतावरच खारवत. रशियात ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपवासांत मांस वर्ज्य. त्या दिवसांत माशाला मोठी मागणी असे. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे उपवासाचे अन्न झाले.

साधारण 1740 पासून वाढलेला हा व्यवहार मुख्यतः वस्तूला वस्तू असा होता. 1807 नंतर नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी नाकेबंदी केली, डेन्मार्कचे धान्य अडले, 1809 मध्ये हॅमरफेस्ट बंदरावर हल्लाही झाला. त्या उपासमारीच्या वर्षांत पोमोरांचे पीठ उत्तरेला जगण्याचा आधार होते.

या देवघेवीतून एक भाषा जन्मली. अभ्यासक तिला रुसेनॉर्स्क म्हणतात. लोकांत तिचे एक नाव ‘मोया पो त्वोया’, म्हणजे ‘मी तुझ्या (भाषेत)’. शब्द साधारण 400. काही नॉर्वेजियन, काही रशियन. ‘पो’ हे एकच अव्यय जवळजवळ सगळी विभक्ती सांभाळी, आणि ते दोन्ही भाषांत मिळत्याजुळत्या उच्चाराने आधीपासूनच होते. आपण समोरच्याची भाषा बोलतो आहोत, असे दोघांनाही वाटे. ओलाफ ब्रोक या भाषाशास्त्रज्ञाने 1927 मध्ये तिच्यावर लिहिले, तेव्हा ती बोलण्याचे कारणच उरले नव्हते. 1917 च्या क्रांतीनंतर हा व्यापार थांबला होता.

माझ्यासारख्या, विद्यापीठाबाहेर राहून वाचणाऱ्याला यात एक धडा दिसतो. कर्जाच्या वह्या नीट जपल्या जातात, कारण कोणाला तरी वसुली करायची असते. पिठाच्या पोत्याला मासळीचा ढीग देऊन दोघे हात झटकून निघून गेले, तर मागे कागद फारसा राहत नाही. म्हणून हिवाळ्याचा इतिहास जाड आणि उन्हाळ्याचा पातळ. लोफोतेनचे मांडव आजही दर हिवाळ्यात भरतात आणि तिथला सुका मासा इटली-नायजेरियापर्यंत जातो. उन्हाळ्याच्या व्यापाराची आठवण मात्र बरीचशी त्या चारशे शब्दांत उरली आहे. आणि त्या शब्दांत किमतीची घासाघीस आहे, हवापाण्याची चौकशी आहे, मित्राला दिलेली हाक आहे.