क्वीन्सलंडचे दुभंगलेले मंत्रिमंडळ

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस पसरलेले क्वीन्सलंड हे राज्य ऊस, लोकर आणि गुरे यांवर पोसलेले. १९१५ पासून, १९२९ ते १९३२ हा काळ वगळता, तेथे मजूर पक्षाचीच सत्ता होती. या पक्षाने १९२२ मध्ये विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृहच रद्द करून टाकले. त्यामुळे बहुमतवाल्या सरकारला अडविणारे दुसरे सभागृह उरले नव्हते. १९५६ च्या निवडणुकीत ७५ पैकी ४९ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. असे भक्कम सरकार पुढे जेमतेम वर्षभरातच कोसळले, आणि तेही विरोधकांच्या पराक्रमाने नव्हे.

याचे कारण शोधण्यासाठी मजूर मंत्रिमंडळाची घडण पाहावी लागते. तेथील मजूर मुख्यमंत्री आपले सहकारी स्वतः निवडीत नसे. विधिमंडळातील पक्षसभासद मतदानाने मंत्री निवडीत. कोणाचे खाते कोणते, एवढेच मुख्यमंत्र्याच्या हाती राही. विधिमंडळाबाहेर आणखी एक सत्ता होती, ती पक्षाच्या मध्यवर्ती कार्यकारिणीची. तिच्यात कामगारसंघांच्या प्रतिनिधींचे वजन मोठे. आणि पक्षाचा कार्यक्रम पाळण्याची प्रतिज्ञा केल्यावाचून कोणासही पक्षाची उमेदवारी मिळत नसे. म्हणजे मंत्री एका वेळी तीन धन्यांचा सेवक: मतदारांचा, सहकारी आमदारांचा आणि कार्यकारिणीचा. धन्यांचे एकमत असेतोवर ही नोकरी सुखाची होती.

१९५२ मध्ये व्हिन्सेंट गेअर मुख्यमंत्री झाले. रॉकहॅम्प्टनला जन्मलेला, रेल्वेच्या नोकरीतून वर आलेला हा गृहस्थ मोठा करारी. वाद पेटला तो कामगारांच्या रजेवरून. वर्षाकाठी दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने द्यावी, असा पक्षाचा आदेश होता. राज्याच्या तिजोरीला आणि उद्योगांना हा बोजा पेलणार नाही, असे गेअर यांचे म्हणणे. एका आठवड्याची रजा ती काय, असे वाटेल. पण तिच्याआड जुने वैर धुमसत होते. साम्यवाद्यांना कामगारसंघांतून हुसकावू पाहणारे आणि त्यांचे विरोधक यांच्या भांडणातून पक्ष आधीच फुटला होता. त्याच फुटीत १९५५ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील मजूर सरकार बुडाले. क्वीन्सलंडमध्ये शेतमळ्यांवरील कामगारांची बलाढ्य ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन ही आजवर सरकारची पाठराखीण. १९५६ च्या मेंढ्या कातरणाऱ्यांच्या संपानंतर तीही उलटली.

२४ एप्रिल १९५७ रोजी कार्यकारिणीने ३५ विरुद्ध ३० मतांनी गेअर यांना पक्षातून काढून टाकले. पाच मतांच्या फरकाने राज्याचा मुख्यमंत्री पक्षहीन झाला! तथापि मंत्रिमंडळ मात्र त्यांच्या मागे उभे राहिले. एक सोडून सारे मंत्री गेअर यांच्या नव्या क्वीन्सलंड लेबर पार्टीत गेले. तो एक म्हणजे उपमुख्यमंत्री जॉन डगन. तडजोडीसाठी झटलेल्या डगन यांनी निर्णय होताच पक्षाची शिस्त शिरोधार्य मानली, मंत्रिपद सोडले आणि कालच्या सहकाऱ्यांसमोर मजूर पक्षाचे नेते म्हणून बसले. दोन्ही बाजूंना आपणच प्रामाणिक वाटत होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. गेअर सभागृहाला जबाबदार होते. डगन आपल्या प्रतिज्ञेला.

जूनमध्ये सरकारने सभागृहापुढे खर्चाची मागणी मांडली. कंट्री आणि लिबरल पक्षांबरोबर डगन यांच्या मजूर सभासदांनीही विरोधी मत दिले. पैशावाचून राज्य चालत नाही. निवडणूक अटळ झाली. ३ ऑगस्टच्या मतदानात कंट्री पक्षाला २४, लिबरलांना १८, मजूर पक्षाला २० आणि गेअर यांच्या पक्षाला अवघ्या ११ जागा मिळाल्या. गेअर स्वतः तरले. डगन यांची टूवुम्बाची जागा मात्र गेली. पुढच्या वर्षी पोटनिवडणुकीतून ते सभागृहात परतले. १९६० मध्ये गेअर यांनाही पराभव पत्करावा लागला.

१९४१ पासून विरोधी बाकावर नेतृत्व करीत बसलेले शेतकरी फ्रँक निकलिन यांच्याकडे सत्ता आपल्या पायांनी चालत आली. कंट्री आणि लिबरल या दोन पक्षांत वाटलेले त्यांचे मंत्रिमंडळ १२ ऑगस्ट १९५७ रोजी अधिकारावर आले. त्यानंतर मजूर पक्षाला क्वीन्सलंडमध्ये पुन्हा मंत्रिमंडळ बनविता आले ते १९८९ मध्ये.