वजनात न सापडलेलं शिसं
१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग मिसळून इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खडखड, थांबवलं. १९२३मध्ये हे पेट्रोल विक्रीला आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेनं पाच कामगार दगावले. या प्रश्नावर भरलेल्या १९२५च्या परिषदेत औद्योगिक विषबाधेच्या तज्ज्ञ डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलला ठाम विरोध केला, पण त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीनं वाहनचालक आणि गॅरेजमधले कामगार काही महिने तपासून बंदीला पुरेसं कारण नसल्याचा निर्वाळा दिला. कारखान्यातली विषबाधा लगेच डोळ्यांत भरली. रस्त्यावरची भरली नाही. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण मोजमापातच होतं. अमेरिकेचं १९७१चं हवेचं मानकसुद्धा सगळ्या तरंगत्या धुळीचं एकत्र वजन करत होतं. घनता सारखी असेल तर १० मायक्रॉनचा एक कण १ मायक्रॉनच्या हजार कणांइतका भरतो. म्हणजे वजनाच्या आकड्यावर हुकूमत मातीच्या जाड कणांची. इंजिनाच्या उष्णतेत वाफ झालेलं शिसं मात्र थंड होताना बहुतांशी १ मायक्रॉनहून बारीक कणांत उतरतं. जाड कण नाकाघशात अडतात, हे बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात.

यावर आक्षेप असा, की मुलांच्या अंगात शिसं गेलं ते जुन्या रंगाच्या पोपड्यांतून आणि मातीतून, श्वासातून नव्हे. रंगाचा दोष खराच, आणि तो कमी लेखू नये. पण १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी घटलं, आणि ही घट पेट्रोलमधल्या शिशाच्या घटीला समांतर होती. घरांचे जुने रंग काही चार वर्षांत उतरले नव्हते. शिवाय मातीला वेगळी काढता येत नाही, कारण धुराड्यातून आलेलं शिसं शेवटी तिच्यातच बसतं. लंडनच्या हवेतल्या शिशापैकी ४० टक्क्यांपर्यंत वाटा जुन्या शिसेयुक्त पेट्रोलचा असल्याचं २०२१मध्ये शिशाच्या समस्थानिकांवरून दिसलं, तिथल्या बंदीला वीस वर्षं उलटून गेल्यावर.

आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ला चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २०००पासून देशभर तेच विकलं जाऊ लागलं. २००९च्या हवेच्या मानकांत पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, आले; त्यांत शिसं, आर्सेनिक आणि निकेल यांच्याही मर्यादा आहेत. पण धातू कोणत्या आकाराच्या कणांवर बसलाय, हे त्या मर्यादा विचारत नाहीत. आकारवार धातू मोजणं खर्चिक आहे, हे मान्य. पण त्यासाठी प्रत्येक केंद्रावर यंत्र लागत नाही. शहरातले चारदोन वर्दळीचे चौक आणि एखादी ओतशाळांची वसाहत इतकं वर्षातून काही आठवडे तपासलं तरी ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं जस्त आणि भट्टीतलं शिसं यांतलं कोण कुठवर पोचतं, ते कळू शकेल.