न्यव्ह शापेलचे स्मारक : स्तंभ, वेदिका आणि नावे

उत्तर फ्रान्समधील न्यव्ह शापेल या गावाजवळ पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत येथे झालेल्या लढाईत भारतीय तुकड्या आघाडीवर होत्या. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या या स्मारकाचे अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. त्याची घडण बौद्ध वास्तुपरंपरेतून घेतलेली असल्याने आम्ही येथे तिचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

स्मारकाची आखणी वर्तुळाकार आहे. अर्ध्या परिघावर सांचीच्या वेदिकेची आठवण देणारा जाळीदार दगडी कठडा असून उरलेल्या अर्ध्यावर भरीव भिंत आहे. सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ अशोकस्तंभांवरून सुचलेला आहे. त्यावर कमळाचे शीर्ष आणि त्याही वर ब्रिटिश राजमुकुट आहे. स्तंभाच्या खालच्या भागात ईश्वर एक असून विजय त्याचाच, अशा आशयाचा मजकूर कोरलेला आहे.

येथे विचार करणे प्राप्त होते. अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेल्याचे नमूद करून पश्चात्ताप प्रकट केला आणि धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानला. न्यव्ह शापेलच्या स्तंभाने अशोकाचा आकार घेतला. त्याचा अनुताप मात्र घेतला नाही.

वेदिकेविषयी असे म्हणता येत नाही. सांचीची वेदिका धातूंना धारण करणाऱ्या स्तूपाभोवती आहे. येथे मध्यभागी धातू नाहीत, अस्थीही नाहीत. ज्यांची कबर अज्ञात राहिली अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे तेवढी आहेत. सांचीच्या वेदिकेवरही भिक्खू, भिक्खुणी व उपासकांची नावे ‘दानं’ या शब्दासह आढळतात. ती नावे स्वेच्छेने दान देणाऱ्यांची होत. येथील नावांपुढे तो शब्द लिहिण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

तरीही या भिंतीचे मोल मोठे आहे. कलिंगातील मृतांची संख्या अशोकाने सांगितली. त्यांतील एकाचेही नाव आज आपणांस ठाऊक नाही.