नाक क्रमांक किती? चेहरा जुळवणाऱ्या यंत्रांचा इतिहास

रोडपालीत आम्ही राहतो तिथून नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय फार लांब नाही. भरती निघाली की पहाटेपासून मुलंमुली रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्यातल्याच एकाने परवा चहाच्या टपरीवर मला विचारलं, "ताई, तुम्ही चेहऱ्यावर पीएचडी करता म्हणे. सिनेमात दाखवतात तसा चोराचा चेहरा खरंच कॉम्प्युटरवर बनवता येतो का?"

मी "येतो की" म्हणून मोकळी झाले आणि घरी येईपर्यंत आत्या डोक्यात घोळत राहिली. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी फिरायला गेलेली असताना तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र एकाने ओढून नेलं. चोराचा चेहरा तिने चांगला पाहिला होता, अगदी दोन हातांवरून. तिसऱ्या दिवशी तिला एका पोलीस ठाण्यात कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर नाकांची रांग होती. यातलं कुठलं? मग डोळे, मग ओठ, मग हनुवटी. तासाभराने जो चेहरा तयार झाला तो बघून ती म्हणाली, "हा तो नाहीच." दुरुस्त करायला गेली तर आणखी बिघडला. घरी येऊन रडली. मंगळसूत्र गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त तिला लागलं ते हे की आपल्याला साधा चेहरा आठवत नाही. "वय झालं माझं," असं ती बरेच दिवस म्हणत होती.

आता या विषयातलं थोडं वाचून झाल्यावर मी खात्रीने सांगू शकते की चूक आत्याची नव्हती, साधनाची होती. हे सिद्ध कसं झालं, तो इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. विषय चेहऱ्याचा असला तरी धडा मोजमापाचा आहे.

सुरुवात: काच, फोटो आणि पारदर्शक पट्ट्या

गोष्ट कॉम्प्युटरच्या बरीच आधी सुरू होते. १८७८ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने एकाच फोटोपट्टीवर अनेक माणसांचे चेहरे थोडा थोडा वेळ उमटवून एक मिश्र चेहरा तयार केला. त्याने कैद्यांचे फोटो घेतले होते. गुन्हेगाराचा म्हणून काही ठराविक चेहरा असतो का, हे त्याला बघायचं होतं. झालं उलटंच. मिश्र चेहरा मूळ कैद्यांपेक्षा सभ्य आणि देखणा दिसू लागला. एकेकाच्या चेहऱ्यातलं वेडंवाकडं सरासरीत विरून गेलं. गॉल्टनचं गृहीतक पडलं, पण ही 'सरासरी' लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

त्याच सुमाराला पॅरिसमध्ये आल्फाँस बर्तियाँने दुसरी वाट धरली. कानाचा आकार, नाकाचा उतार, कपाळाची ठेवण अशा एकेका अवयवाचं ठरलेल्या शब्दांत वर्णन करायचं. म्हणजे चेहऱ्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. पुढची जवळपास शंभर वर्षं पोलीस याच वाटेने चालले.

१९५९ मध्ये अमेरिकेत आयडेंटी-किट बाजारात आलं. ह्यू मॅकडॉनल्ड या लॉस एंजेलिसच्या पोलीस अधिकाऱ्याची ही कल्पना. पारदर्शक पट्ट्यांवर नाक, डोळे, भुवया, केस, ओठ रेखाटलेले असायचे. साक्षीदार सांगेल त्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की चेहरा तयार. प्रत्येक पट्टीला क्रमांक होता, त्यामुळे नुसते क्रमांक फोनवर सांगितले की दुसऱ्या शहरात तोच चेहरा जुळवता यायचा. फॅक्सही सर्रास नव्हता त्या काळात ही मोठीच सोय होती. १९६१ मध्ये लंडनमधल्या एका दुकानातल्या खुनाचा संशयित आयडेंटी-किटवरून एका हवालदाराने रस्त्यात ओळखला आणि किटचं नाव सगळीकडे झालं.

१९७० मध्ये ब्रिटनमध्ये जाक पेन्रीचं फोटोफिट आलं. रेखाटनांच्या जागी खऱ्या फोटोंचे तुकडे आले. चेहऱ्याचे भाग पाच: केस-कपाळ, डोळे, नाक, तोंड आणि हनुवटी. मग १९८०च्या दशकात हेच तुकडे कॉम्प्युटरवर गेले. ब्रिटनमध्ये ई-फिट, अमेरिकेत मॅकिंटॉशवर चालणारं मॅक-अ-मग. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने पोर्ट्रेट बिल्डिंग सिस्टीम केली. तिची गरज होतीच, कारण परदेशी किटमधली नाकं-डोळी आपल्या चेहऱ्यांना कशी बसणार? पण अवयव भारतीय झाले तरी रीत बदलली नाही. नाक क्रमांक किती, हा प्रश्न तोच राहिला.

अॅबरडीनचा प्रयोग

इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा. साक्षीदाराने बनवलेला चेहरा खऱ्या गुन्हेगारासारखा दिसत नाही, तर दोष कुणाचा? स्मरणशक्तीचा की साधनाचा? रोजच्या कामात हे वेगळं करता येत नाही. चेहरा चुकला की सगळे म्हणणार, साक्षीदाराला नीट आठवत नसेल. आत्या हेच म्हणाली.

स्कॉटलंडमधल्या अॅबरडीन विद्यापीठात हेडन एलिस, ग्रॅहम डेव्हिस आणि जॉन शेफर्ड यांनी १९७०च्या दशकात हा गुंता सोडवला. १९७८ च्या त्यांच्या प्रयोगाची रचना इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. काही लोकांनी चेहरा आठवून फोटोफिट बनवलं. काहींनी तो चेहरा समोर ठेवून, बघत बघत बनवलं. शिवाय लोकांकडून हाताने चित्रंही काढून घेतली, आठवून आणि बघून.

आता विचार करा. समोर बघून बनवताना स्मरणशक्तीचा प्रश्नच उरत नाही. हाताने काढलेली चित्रं चेहरा समोर असताना अपेक्षेप्रमाणे सुधारली. फोटोफिट मात्र सुधारलं नाही. बघून बनवलं काय आणि आठवून बनवलं काय, दर्जा जवळपास सारखाच. चित्रकला न येणारी माणसंसुद्धा समोर चेहरा असताना पेन्सिलीने जे दाखवू शकली, ते पोलिसांच्या अधिकृत साधनाला दाखवता येत नव्हतं. माहिती भरपूर होती, पण ती बाहेर पडायची वाटच अरुंद होती.

मला हा प्रयोग फार आवडतो. साधनाला सर्वांत सोपी परिस्थिती द्यायची आणि तिथेही ते अडखळतं का हे बघायचं. तिथेच अडखळलं तर कठीण परिस्थितीतल्या अपयशाचं खापर दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

चेहरा म्हणजे अवयवांची बेरीज नव्हे

हे असं का होतं, याचं उत्तर हळूहळू मिळत गेलं. १९८७ मध्ये अँडी यंग आणि सहकाऱ्यांनी एका प्रसिद्ध व्यक्तीचा चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला जोडला. वरचा भाग कुणाचा हे ओळखणं लोकांना जड गेलं, कारण दोन अर्ध्यांचा मिळून मेंदूला तिसराच माणूस दिसत होता. दोन्ही भाग थोडे बाजूला सरकवले की ओळखणं सोपं झालं. १९९३ मध्ये जेम्स टनाका आणि मार्था फारा यांनी दाखवलं की ओळखीचं नाक सुटं दाखवलं तर ओळखायला कठीण जातं, पूर्ण चेहऱ्यात दाखवलं तर सोपं जातं. घराच्या चित्रातल्या दारा-खिडक्यांच्या बाबतीत असा फरक पडत नाही.

थोडक्यात, आत्याने चोराचं नाक कधी पाहिलंच नव्हतं. तिने माणूस पाहिला होता. आणि तिला विचारलं जात होतं नाकाबद्दल.

आणखी एक वाईट बाब. २००५ मध्ये गॅरी वेल्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं की अशा तुकड्यांच्या पद्धतीने चेहरा बनवल्यानंतर साक्षीदाराची ओळखपरेडमधली ओळखण्याची क्षमता घसरू शकते. आठवण नुसती तोकडी बाहेर येते असं नाही, ती गढूळही होते. चुकीचा माणूस गजाआड जाण्याची आणि खरा सुटण्याची शक्यता इथे येते.

प्रयोगशाळेतले तीन तास, खऱ्या आयुष्यातले दोन दिवस

आता आकडे. चार्ली फ्राउड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. चेहरा पाहिल्यावर तीन-चार तासांत ई-फिटसारख्या सॉफ्टवेअरवर बनवलेले चेहरे ओळखीच्या लोकांनी साधारण पाचातून एकदा बरोबर ओळखले. वाईट नाही. पण प्रत्यक्षात साक्षीदाराला बसवायला एक-दोन दिवस जातातच. दोन दिवसांच्या अंतराने तोच प्रयोग केला तेव्हा सगळ्या पद्धतींची सरासरी सुमारे ३ टक्क्यांवर आली. सर्वांत पुढे राहिलं ते चित्रकाराने हाताने काढलेलं रेखाचित्र, तरी तेही सुमारे ८ टक्केच.

हे वाचताना मला मुंबईतले नितीन यादव आठवले. चेंबूरचे हे चित्रकला शिक्षक अनेक वर्षं पोलिसांसाठी संशयितांची रेखाचित्रं काढत आले आहेत. २०१३ च्या शक्ती मिल प्रकरणातली रेखाचित्रंही त्यांचीच. चांगला चित्रकार साक्षीदाराशी बोलतो, आधी ढोबळ आकार काढतो, मग सगळा चेहरा एकत्र हलवत नेतो. तो नाकांची रांग पुढे ठेवत नाही. कॉम्प्युटर आला म्हणजे हाताचं काम मागे पडलं, असं आपण किती सहज धरून चालतो!

तुकडे सोडून सगळा चेहरा

यातून वाट निघाली ती गणितातून. १९८७ मध्ये लॉरेन्स सिरोविच आणि मायकेल कर्बी यांनी चेहऱ्यांच्या फोटोंवर मुख्य घटक विश्लेषण वापरलं. सगळ्या फोटोंची सरासरी काढायची (आला ना गॉल्टन परत!) आणि प्रत्येक चेहरा त्या सरासरीपासून कसा वेगळा आहे ते थोड्या नमुन्यांत मांडायचं. यातला एकेक नमुना नाकाचा किंवा ओठांचा नसतो, तो अख्ख्या चेहऱ्यावर पसरलेला असतो. नमुन्यांची वजनं बदलली की नवा, संपूर्ण चेहरा मिळतो. १९९१ मध्ये न्यू मेक्सिकोत कॉल्डवेल आणि जॉन्स्टन यांनी चेहरा 'उत्क्रांत' करायची कल्पना मांडली. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात पीटर हॅन्कॉक आणि फ्राउड यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणून इव्होफिट केलं. साक्षीदाराने फक्त पडद्यावरच्या चेहऱ्यांतले त्यातल्या त्यात जवळचे निवडायचे. त्यांच्या संकरातून पुढची पिढी, पुन्हा निवड. शब्दांत वर्णन करायची गरजच नाही.

आणि पहिल्या निकालांचं काय झालं? वर सांगितलेल्या २००५ च्या चाचण्यांत इव्होफिटही होतं आणि ते सपशेल मागे पडलं! कल्पना बरोबर, निकाल वाईट. तुमच्या-माझ्यासारख्याने विषय बदलला असता. त्यांनी बारकाईने बघितलं. अनोळखी चेहरा आपण मुख्यतः केस आणि बाह्याकारावरून लक्षात ठेवतो, ओळखीचा चेहरा डोळे-नाक-तोंडावरून ओळखतो. साक्षीदार अनोळखी, चित्र बघून ओळखणारा मात्र ओळखीचा. म्हणून निवड करताना केस आणि कडा धूसर केल्या. शेवटी वय, चेहऱ्यावरचा भाव असे सगळ्या चेहऱ्याचे बदल करता येतील अशी सोय दिली. २०१० च्या सुमाराला ओळखण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशावर गेलं.

सरासरीची आणखी एक करामत: २००२ मध्ये विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी एकाच संशयिताबद्दल चार साक्षीदारांनी बनवलेले चार चेहरे मिसळले. मिश्र चेहरा एकेकट्या चेहऱ्यांपेक्षा सरासरीने मूळ माणसाच्या जास्त जवळ गेला. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या होत्या, त्या एकमेकींत जिरल्या. एकशे चोवीस वर्षांनी गॉल्टनचं तंत्र कामाला आलं, फक्त प्रश्न यावेळी बरोबर होता.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

एवढं सांगण्याचं कारण असं. आपल्यापैकी बरेच जण आधीच्या प्रबंधातली प्रश्नावली, जुनं सॉफ्टवेअर, तयार मापनश्रेणी उचलतात आणि नमुना गोळा करायला निघतात. निकाल विस्कटले की लिहितात, 'प्रतिसादकांचे सहकार्य मिळाले नाही'. त्याआधी एकदा अॅबरडीनची चाचणी करून बघा. उत्तर समोर ठेवूनही तुमचं साधन ते पकडू शकतं का? आणि चाचणीची वेळ-परिस्थिती खऱ्या परिस्थितीसारखी आहे का? साधन वर्षानुवर्षं वापरात आहे, हा ते चालतं याचा पुरावा नाही. तुकड्यांची पद्धत टिकली कारण ती बनवायला, क्रमांक द्यायला आणि शिकवायला सोपी होती.

मागच्या आठवड्यात आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. बाराखडीपासून सांगावं लागलं, पण ऐकलं तिने. मग म्हणाली, "अगं, तो आपल्या दूधवाल्याच्या थोरल्या मुलासारखा दिसत होता. फक्त तोंड सतत चिडल्यासारखं. मी तेव्हाच सांगत होते." गॉर्डन बोवर आणि मार्टिन कार्लिन यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की चेहरा बघताना माणूस प्रामाणिक वाटतो की नाही असा विचार केला तर तो जास्त चांगला लक्षात राहतो. 'चिडका' ही आत्याची पक्की माहिती होती. ती लिहायला पडद्यावर रकाना नव्हता.

"मग तेव्हा मला हे कुणी विचारलं का नाही?" ती म्हणाली. मी तिला उत्तर दिलं नाही. तिला चहा टाकायचा होता, आणि मला माझी प्रश्नावली पुन्हा उघडून बघायची होती.