घोड्याची शर्यत आणि पहिले व्यसन

किहीमच्या वाळूवर दोन घोडे दौडताना पाहून नातू म्हणाला, "आजी, दहा रुपयांची पैज! काळा जिंकणार." मला खाडीपलीकडची मुंबई आठवली. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ चे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. म्हणून तिथली पैज कायद्याने जुगार नाही.

आपल्या सात व्यसनांत मात्र द्यूत पहिले, कारण बाकीची त्याच्या मागून घरात शिरतात. कायदा विचारतो, कौशल्य की नशीब? धर्म विचारतो, मनात लोभ किती वाढला? चाबूक कोणाच्या पाठीवर पडला? जिंकणाऱ्याचा पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातूनच येतो ना?

नातवाला म्हटले, "पैज नको रे. नुसते बघूया."