हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेवढंच, तास मात्र बदलत गेले

दोन विमानतळांमधलं अंतर मोबाईलवर क्षणात कळतं. त्याला विमानाच्या वेगाने भागलं की तास निघाले, असं आपल्याला वाटतं. शाळेतलंच काळ-काम-वेगाचं गणित! पण आकाशात ते नेहमी जुळत नाही. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांचंच बघा.

या दोन शहरांत सरळ हवाई अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. जेट विमानाला साडेनऊ तास पुरतात. अडचण एवढीच, की त्या सरळ वाटेचा बहुतेक भाग रशियावरून जातो. आणि १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या भूमीवरच्या आकाशाचा मालक तो तो देश. त्याने नाही म्हटलं, की वळसा घ्यायचा.

शीतयुद्धात हेच झालं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातल्या अँकरेजला जायची आणि तिथून टोकियोला. सुमारे ३२ तास लागायचे. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून ध्रुवावरून टोकियोची थेट सेवा सुरू केली. वेळ सुमारे १३ तास.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअरलाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. परक्या आकाशात शिरण्याची किंमत काय असते, ते तेव्हा जगाने पाहिलं.

पुढे सायबेरियाची वाट हळूहळू खुली झाली. फुकट नव्हे, रशिया त्यासाठी भरपूर शुल्क घ्यायचा. तरी वेळ वाचत होता. या जवळच्या वाटेवरच फिनएअरने आशियाचा धंदा उभा केला.

मग युक्रेन युद्ध पेटलं. युरोपने रशियन विमानांना दारं लावली आणि २८ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केलं. मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुरू झाली, ती ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन. वेळ पुन्हा सुमारे १३ तास! विमानं सुधारली, इंजिनं सुधारली, पण घड्याळ ३९ वर्षं मागे जाऊन १९८३ वर आलं.

हे लांबचं वाटत असेल तर २०२५ चा एप्रिल आठवा. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, पाठोपाठ आपणही त्यांच्या विमानांना केलं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांचा प्रवास लांबला.

असे निर्णय घेताना सरकारांपुढे कारणं असतात, ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण वाढलेल्या तासांचं इंधन कुणीतरी भरतंच. आधी कंपनी सोसते, मग ते तिकिटात येतं. परदेशातल्या लेकराला वर्षातून एकदा भेटायला जाणारे आपल्या गावातले आई-बाप ते तिकीट काढतात. म्हणून पुढच्या वेळी 'अमुक देशाने हवाई हद्द बंद केली' अशी दोन ओळींची बातमी दिसली, तर ती आपली नाही म्हणून सोडून देऊ नका.